सांबा की एनएफएस? सिमलिंकचा घोळ

सांबा आणि एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायच्या दोन पद्धती. फोल्डर शेअर दोन्हींनी होतो, घोडं अडतं ते सिमलिंकपाशी, म्हणजे दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंकपाशी. सांबात लिंक सर्व्हरच उलगडतो, म्हणून विंडोजला ती साधा फोल्डरच वाटते. मात्र लिंक शेअरबाहेरच्या डिस्ककडे जात असेल तर ती उघडत नाही, कारण ‘वाइड लिंक्स’ (लिंकला शेअरबाहेर जाऊ देणारं सेटिंग) मुळात बंद असतं. ते चालू करायचा मोह आवरा, सुरक्षेला भोक पडतं. त्याऐवजी मी लिनक्सवर बाइंड माउंट करतो, म्हणजे तो बाहेरचा फोल्डर शेअरच्या आतच जोडतो.

एनएफएसमध्ये लिंक क्लायंटकडे, म्हणजे शेअर वापरणाऱ्या मशीनकडे, जशीच्या तशी पोचते. लिंकमध्ये रूटपासूनचा (अगदी मुळापासूनचा पूर्ण) पाथ असेल तर बिचारा क्लायंट स्वतःच्याच डिस्कवर शोधत बसतो! रिलेटिव्ह (लिंकच्या जागेपासून धरलेला) पाथ ठेवला की दोन लिनक्समध्ये झकास. विंडोज होममध्ये मात्र एनएफएस क्लायंटच येत नाही. एकही विंडोज मशीन असेल तर माझं मत सांबाला.