बीएस-४ टर्बो-डिझेल, निफाडची थंडी आणि सायलेन्सरचा धूर: वर्षभर वापरल्यानंतर

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. दीड लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो-डिझेल इंजिन, पाच गिअर, बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या निकषांचं) मॉडेल, डीपीएफची म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची भानगड नाही. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून उन्हाळ्यात घेतली, तेव्हा लाख किलोमीटरच्या जवळ चालली होती. मुंबई-नाशिक हायवेवर लिटरला वीसच्या आसपास देते. अठराशे आरपीएमच्या खाली गाडीत जीव नाही, पण एकदा टर्बोने (सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याने) हवा भरायला घेतली की कसारा घाटात ट्रक मागे टाकायला फार विचार करावा लागत नाही. सस्पेन्शन कडक, एसी झकास, मागे मधे बसणाऱ्याची कुरकुर ठरलेली. बाकी सगळं ‘सेकंड हँड घ्यावी की नाही’ छापाच्या रिव्ह्यूंमध्ये येऊन गेलंय. मला लिहायचंय ते हिवाळ्याबद्दल.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, ती आमच्याच भागाची. पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशाच थंडीत गाडीने धूर सोडायला सुरुवात केली. सेल्फ नेहमीपेक्षा जरा जास्त मारावा लागायचा, इंजिन अर्धा-एक मिनिट थरथरायचं, आणि मागून करडा-पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. गेटपर्यंत जाईस्तोवर गायब. दुपारी चालू केली तर टिपूस नाही.

ज्याला दाखवली त्याचं निदान तयार. “भाऊ, टर्बो गेला समजा.” एका गॅरेजने तर गाडीचं बॉनेटही न उघडता टर्बोचा आकडा सांगितला, चाळीस हजारांच्या पुढचा. टर्बोवाली गाडी आणि धूर एवढं ऐकलं की लोकांना तिसरी गोष्ट सुचत नाही. वास्तविक धुराचा रंग लोक समजतात तेवढं सांगत नाही. पहाटेच्या उजेडात निळसर, करडा आणि पांढरा यांत फरक करून दाखवावा कुणी! धूर कधी येतो, किती वेळ टिकतो आणि कशाचा वास मारतो, यावरून जास्त कळतं.

आधी वाफ बाजूला काढा. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. गरम दिवसात ते दिसत नाही, थंडीत सायलेन्सरमध्येच जमतं आणि थेंब-थेंब गळतंही. हे कुठल्याही धडधाकट गाडीत होतं, पेट्रोल असो की डिझेल. वाफ शेपटापासून हात-दोन हात गेली की हवेत विरते, तिला वास नसतो. धूर मात्र रेंगाळतो. मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरला होता. वाफेचे डाग वाळले की कागद जवळजवळ कोरा दिसतो, डिझेल किंवा ऑईल असेल तर तेलकट डाग राहतो आणि वासही. माझा कागद रॉकेलच्या बोळ्यासारखा वास मारत होता. म्हणजे न जळलेलं डिझेल. जे फक्त मळ्यापर्यंत जाऊन परत येतात त्यांचा सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही, पाणी आत साचून गंजतो. त्यांनी आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढावी.

तरी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तपासून घेतलं, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील, गेली तर येणारा धूरही पांढराच. त्याला गोडसर वास असतो आणि इंजिन तापल्यावरही तो जात नाही, हा मोठा फरक. रिझर्व्ह टाकीवर थंड इंजिन असताना मार्करने रेघ मारून ठेवली; पातळी हलली नाही. सकाळी चालू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहिला, मऊ होता. पाणी तापायच्या आत तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय असं समजावं. खात्रीच करायची तर निळ्या द्रावणाची टेस्ट किट मिळते. टाकीच्या तोंडावर लावायची. कूलंटमध्ये जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळट-हिरवट होतो. गरम इंजिनाचं झाकण उघडायला जाऊ नका, हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतोच.

आता टर्बो. इतका बदनाम केलेला पार्ट दुसरा नसेल. त्याच्या शाफ्टवर रबराची सील नसते, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि ऑईल आत राहतं ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या दाबामुळे. म्हणून टर्बोतून ऑईल येत असेल तर खुद्द टर्बो खराब असेलच असं नाही. ऑईल परत खाली नेणारा पाइप कार्बनने तुंबला, किंवा क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातले वायू बाहेर सोडणारी वाट) चोक होऊन आत दाब वाढला, तरी टर्बो ऑईल ओकतो. अशा वेळी नवा टर्बो बसवा, महिन्याभरात तोही ओकेल. आमच्या मिस्त्रींनी थंड इंजिनावर हवेचा पाइप काढून शाफ्ट हलवून दाखवला. आडवा किंचित प्ले असतोच, कारण शाफ्ट ऑईलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे जाणवण्याइतका हलत असेल, किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र काम निघालं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑईलचा पातळ थर होता. तो ब्रीदरमधून येतो, त्यावरून कुणी टर्बो काढायला सांगितलं तर दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरावा. वाटीभर ऑईल निघालं तर गोष्ट वेगळी.

टर्बोचा धूर निळसर असतो, जळक्या ऑईलचा वास येतो, आणि तो पहाटेपुरता थांबत नाही. गाडी बराच वेळ आयडलला ठेवून मग रेस केली की भसकन येतो. घाट गिअरमध्ये उतरून खाली एक्सलेटर दिला की निळा लोट येतो का, ही जुनी परीक्षा पेट्रोल गाडीला लागू पडते, व्हॉल्व्ह सील त्यात पकडले जातात. डिझेलमध्ये पाय काढला तरी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) तेवढी ओढ तयार होत नाही, तिथे या परीक्षेवर विसंबू नये. शेवटी डिपस्टिक. सपाट जागी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनात मी पातळी पाहत आलोय. एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत किंचित उतरली, वरून ओतावं लागलं नाही.

एक इशारा मात्र देतो. डिझेल गाडीत टर्बो खरंच फुटला आणि ऑईल थेट इंजिनात जाऊ लागलं, तर इंजिन स्वतःचंच ऑईल जाळत पळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन मारायचं. आधी वाचून ठेवलेलं बरं, त्या वेळी सुचत नाही.

मग उरलं काय? हीटर प्लग. डिझेलला स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. धातू गार असेल तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात, म्हणून हीटर प्लग काही सेकंदांत टोकाशी लाल होऊन मदत करतो. ठाण्याच्या हवेत चारही मेले तरी गाडी सुरू होते आणि मालकाला पत्ता लागत नाही. आधीच्या मालकांनी काही लपवलं असं मला वाटत नाही, त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. निफाडच्या पहाटेने ते उघड केलं.

फुकटची परीक्षा अशी: चावी ऑन करायची, स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझू द्यायचा, चावी बंद करून पुन्हा तेच, आणि मग सेल्फ मारायचा. धूर आणि थरथर कमी झाली तर संशय पक्का. माझी झाली. मग मिस्त्रींनी वायर काढून मल्टिमीटर लावला. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास येतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन मेलेले. स्कॅनरने मात्र बिघाडाचा एकही कोड दिला नव्हता. ज्या गाड्यांत कंट्रोलर प्रत्येक प्लग वेगळा पाहतो त्यांत पी०६७१ ते पी०६७४ हे कोड येतात. माझ्यात एकच रिले चौघांना करंट देतो, त्यामुळे दोन गेले काय नि राहिले काय, त्याला फरक पडत नाही. पीयूसीतही हे कधी दिसणार नाही, ती चाचणी गरम इंजिनावर होते.

मधल्या काळात एकाने “डिझेल गोठतंय” असंही सांगून पाहिलं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते लडाखसाठी. आमच्या पाच अंशांत पंपावरच्या डिझेलला काही होत नाही.

प्लग काढणं हे खरं कौशल्याचं काम. जोर लावला तर तो हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवण्यापर्यंत प्रकरण जातं. मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी गंज सुटायचं तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून हळूहळू, मागे-पुढे करत तीन काढले. चौथा जागचा हलेना. तो चालू होता, म्हणून “राहू द्या शेठ, हेड उघडेल तेव्हा बघू” म्हणाले, आणि मला ते पटलं. तीन नवे प्लग आणि मजुरी मिळून टर्बोच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही सगळं बसलं.

त्यानंतरच्या थंडीत गाडी पहिल्या सेल्फला सुरू होतेय. अगदी कडाक्याच्या पहाटे काही सेकंद हलका धूर दिसतो, वाफ वेगळी. थर्मोस्टॅट नीट आहे, कूलंट नव्वदच्या आसपास जाऊन थांबतं. टर्बो तोच आहे. लांबून आल्यावर मी अर्धा-एक मिनिट आयडल ठेवून मगच चावी काढतो, त्यामुळे टर्बोतलं ऑईल करपत नाही. पाचपैकी चार स्टार देतो. अर्धा कापला तो सस्पेन्शनसाठी आणि अर्धा त्या चौथ्या प्लगसाठी.