महारेराचे संकेतस्थळ आणि नोंदणी विभागाची सूची: गुंतवणुकीसाठी घर घेणाऱ्याच्या उपयोगाच्या दोन सेवा

भाड्याचे उत्पन्न मिळावे म्हणून दुसरी सदनिका घेऊ पाहणारे कुटुंब पुण्यात वाघोली, पुनावळे किंवा मोशीकडे गेले, की त्याला आधी सजवलेली नमुना सदनिका दाखवली जाते, मग माहितीपत्रक हाती येते आणि बहुधा त्याच बैठकीत बुकिंगचा धनादेश मागितला जातो. तो धनादेश लिहिण्यापूर्वी ज्या दोन सरकारी सेवा वापरायला हव्यात, त्यांचे हे परीक्षण आहे. पहिली म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, अर्थात महारेराचे संकेतस्थळ आणि दुसरी म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाची दस्तशोधाची सेवा, जिच्यात प्रत्येक नोंदणीकृत दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे त्या व्यवहाराचा गोषवारा, पाहता येतो. गुंतवणूकदाराला लागणारी जी माहिती बांधकाम व्यावसायिकाच्या विक्री कार्यालयात मिळत नाही, तिचा फार मोठा भाग या दोन ठिकाणी मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

स्थावर संपदेबाबतचा केंद्राचा कायदा (रेरा) २०१६ चा आणि महारेराची स्थापना मार्च २०१७ मधली. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आहे आणि ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका आहेत, त्याला नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक झाले आहे, त्यामुळे फलकासमोर उभे राहून मोबाइलवर प्रकल्पाचे पान उघडता येते. संकेतस्थळावर प्रकल्पाच्या किंवा प्रवर्तकाच्या, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या, नावाने आणि नोंदणी क्रमांकानेही शोध घेता येतो. मात्र शोध घेणे जितके सोपे, तितके पुढचे वाचन सोपे नाही. माहिती अनेक भागांत विखुरलेली असते, कागदपत्रे स्कॅन करून चढवलेली असतात आणि कशाकडे लक्ष द्यावे हे सांगणारे तिथे कोणी नसते. म्हणून माझ्या मते काय आधी पाहावे, ते जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख पाहावी. विक्री कार्यालयात हल्ली ‘टार्गेट पझेशन’ (तोंडी सांगितलेली) आणि ‘रेरा पझेशन’ (महारेराकडे नोंदवलेली) अशा ताब्याच्या दोन तारखा सांगितल्या जातात आणि त्यांत एक-दोन वर्षांचे अंतर सहज असते. गुंतवणूकदाराने आपला सगळा हिशेब दुसऱ्या तारखेवर करावा, कारण ताबा लांबल्यास कलम १८ खालचा व्याजाचा किंवा रक्कम परत मागण्याचा हक्क करारात लिहिलेल्या तारखेवर उभा राहतो आणि तोंडी सांगितलेल्या तारखेला तिथे काहीच किंमत नसते. प्रकल्पाच्या पानावर मूळ प्रस्तावित तारीख आणि मुदतवाढ घेतली असल्यास सुधारित तारीख अशा दोन्ही दिसतात. प्रवर्तकाचे पूर्वीचे प्रकल्पही त्याच ठिकाणी शोधून त्यांच्या तारखा ताडून पाहाव्यात. ज्याच्या आधीच्या तीन प्रकल्पांना मुदतवाढ लागली, त्याचा चौथा वेळेत होईल असे गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवणे मला योग्य वाटत नाही.

त्यानंतर मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले यांतील फरक पाहावा. अकरा मजले मंजूर आहेत आणि बावीस प्रस्तावित आहेत, अशी नोंद असेल आणि आपल्याला सतरावा मजला दाखवला जात असेल, तर ज्या मजल्याला अजून परवानगीच नाही त्याचे पैसे आपण भरणार आहोत, हे स्पष्ट होते. बोजाच्या रकान्यात जमिनीवर कोणत्या वित्तसंस्थेचे कर्ज आहे ते दिसते; असे कर्ज असणे गैर नाही, पण त्या संस्थेचे ना हरकत पत्र करारापूर्वी हातात घ्यावे. खटल्यांची माहिती आणि वकिलाचा मालकीहक्काबाबतचा अहवालही तिथेच असतो. करारनाम्याचा मसुदा तर अवश्य उतरवून घ्यावा आणि आपल्याला सहीसाठी दिलेल्या मसुद्याशी कलमवार ताडावा, कारण नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ मनाई करते आणि पैसे घेण्याची घाई करणाऱ्यांची पहिली तडजोड नेमकी इथेच होते.

सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ३, बहुतेक ग्राहक उघडतही नाहीत. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती काढताना वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. प्रकल्पाच्या कागदपत्रांत हा नमुना उपलब्ध असेल, तर अंदाजित खर्च किती, आजवर झालेला किती, विकलेल्या सदनिकांचे येणे किती आणि न विकलेल्या सदनिका किती, हे कळते. काम निम्मेच झालेले असताना विकलेल्या सदनिकांचे बहुतेक पैसे वसूल झालेले असतील आणि न विकलेल्या सदनिकाही थोड्याच उरल्या असतील, तर उरलेले बांधकाम कोणत्या पैशातून होणार, हा प्रश्न विक्री अधिकाऱ्याला लेखी विचारावा. दर तिमाहीच्या प्रगती अहवालाकडेही लक्ष असावे. असे अहवाल न भरल्याबद्दल २०२३ मध्ये महारेराने शेकडो प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली होती.

या सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पानावरची बहुतांश माहिती प्रवर्तकाने स्वतः भरलेली असते, त्यामुळे नोंदणी क्रमांक आहे म्हणून प्रकल्प निर्धोक, असा अर्थ काढू नये. प्राधिकरणाने ग्राहकाच्या बाजूने आदेश दिला, तरी प्रवर्तकाने तो पाळला नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते आणि त्या टप्प्याला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधणे कठीण असते. शिवाय कायदा लागू होण्यापूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती या संकेतस्थळावर नाहीत. भाड्यासाठी घर घेणाऱ्याच्या दृष्टीने पाच-दहा वर्षे जुनी, लोक राहत असलेली इमारत पुष्कळदा अधिक चांगली निवड ठरते, आणि त्यांपैकी जुन्या इमारतींच्या बाबतीत महारेरा काहीच सांगू शकत नाही.

तिथे नोंदणी विभागाची दस्तशोध सेवा उपयोगी पडते. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे क्रमांक दिला की त्या मिळकतीवरील दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाच्या सूची क्रमांक २ मध्ये मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि लिहून देणार-घेणार यांची नोंद असते. एखाद्या सोसायटीत गेल्या वर्षभरात सदनिका प्रत्यक्षात किती किमतीला विकल्या गेल्या, हे यावरून कळते. दलालाने सांगितलेल्या भावाची पारख करण्याचा याहून खात्रीशीर मार्ग मला माहीत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेकराराचे, दस्तही याच यादीत असतात, त्यामुळे त्या इमारतीत प्रत्यक्ष किती भाडे मिळते हेही तपासता येते. सर्व्हे क्रमांक माहीत नसल्यास ही सेवा फारशी कामाची नाही आणि तीस वर्षांच्या मालकीहक्काच्या शोधासाठी वकील लागतोच, पण भाव आणि भाडे कळण्यासाठी ती पुरेशी आहे.

हे खरे भाडे कळल्याशिवाय हिशेब मांडू नये. समजा, पुण्यातील बांधकामाधीन सदनिकेची करारातील किंमत ७५ लाख रुपये आहे. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५.२५ लाख, नोंदणी शुल्काचे कमाल ३० हजार आणि ५ टक्के जीएसटीचे ३.७५ लाख धरले, तर आतील फर्निचरचा खर्च न मोजताही गुंतवणूक ८४.३० लाखांची होते. महिना २२ हजार भाडे धरले, तर वर्षाचे २.६४ लाख येतील. त्यातून देखभाल खर्च ३६ हजार, मालमत्ता कर २० हजार आणि घर एक महिना रिकामे राहिल्याचे २२ हजार वजा केले, तर १.८६ लाख उरतात, म्हणजे सुमारे २.२ टक्के. गृहकर्जाचा व्याजदर याच्या कितीतरी पट असतो. भाव वाढेल या एकाच भरवशावर जर व्यवहार उभा असेल, तर तो तसा आहे हे कुटुंबातील सर्वांना ठाऊक असलेले बरे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही आणि घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, एवढ्या दोन गोष्टींनीही वरच्या आकड्यात साडेचार लाखांचा फरक पडतो.

घर भाड्याने देताना नोंदणी विभागाचीच ऑनलाइन नोंदणी सेवा वापरावी. तिला माझी विनासंकोच शिफारस आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या करार नोंदवता येतो, मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरील धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के इतकेच असते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते आणि ते खोडून काढण्याचे काम मालकावर येते. नोटरी केलेल्या कागदावर घर देणाऱ्यांची संख्या अजूनही मोठी आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

ताब्यानंतरच्या दोन खर्चांची माहिती मात्र या दोन्ही संकेतस्थळांवर शोधून मिळणार नाही. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. जास्त मागणी झाल्यास उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते आणि घर भाड्याने दिल्यावर ती लागू राहत नाही, म्हणून विकणाऱ्याने दाखवलेले कराचे बिल सवलतीसह आहे की सवलतीशिवाय, हे पाहूनच वरच्या हिशेबातील कराचा आकडा भरावा.