दुसरा हप्ता माझ्याच नावावर जमा झाला, पण कोणत्या बँकेत?

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा माझा दुसरा हप्ता, म्हणजे २००० रुपये, शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. तो माझ्याच नावाच्या खात्यात जमा झाला आणि तरीही तेव्हा त्यातला एक रुपया माझ्या हाती पडला नाही. हे वाचून गोंधळ होणे साहजिक आहे; मी स्वतः जवळजवळ दोन महिने त्याच गोंधळात होते. मी पदवीधर आहे, बँकेची स्लिप मला भरता येते, गावातल्या बायका कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. हे सुरुवातीलाच सांगते, कारण 'अडाणी बाई होती, फसली' असे म्हणून या अनुभवाकडे कोणी काणाडोळा करू नये अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. पहिल्या बाळंतपणासाठी आईला ५००० रुपये देणारी ही केंद्र शासनाची योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पूर्वी ही रक्कम तीन हप्त्यांत येत असे; १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत दोन हप्ते झाले. गरोदरपणाची नोंद वेळेत झाली आणि निदान एक तपासणी झाली की ३००० रुपये, आणि बाळाच्या जन्माची नोंद होऊन दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसींसह पहिली फेरी पूर्ण झाली की उरलेले २००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये एकदम मिळतात. (अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्येच मातेला किमान ६००० रुपये देण्याचे म्हटले आहे. पहिल्या बाळाला कमी पडणारी रक्कम जननी सुरक्षा योजनेतून भरून निघते असे सांगतात. आमच्याकडे ग्रामीण भागात ती रक्कम ७०० रुपये आहे, तेव्हा बेरीज ज्याने त्याने करावी.)

पैसे असे अटींवर मिळतात तेव्हा त्या अटींचा एक परिणाम होतो, आणि तो मला फसल्यानंतरच समजला. पैसे आले नाहीत की आई पहिल्यांदा स्वतःलाच तपासते. एखादी लस राहिली का, कार्डावर शिक्का पडला नाही का, जन्मदाखल्यावर नाव चुकले का, असे प्रश्न तिला पडतात. आपल्याकडूनच काहीतरी राहिले असणार, ही शंका कायम मनात असते, आणि ती शंका दूर करून देतो म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. मला फसवणाऱ्याने वेगळी थाप मारलीच नाही. त्याने योजनेच्याच अटी मला वाचून दाखवल्या.

माझा पहिला हप्ता जानेवारीत व्यवस्थित आला होता. आशाताईंनी अर्ज भरला, एक पैसाही घेतला नाही आणि ३००० रुपये माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या खात्यात जमा झाले. एप्रिलमध्ये ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. जुलै उजाडला तो 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज घेऊन. १ जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि खाते आधारशी जोडलेले हवे म्हटल्यावर प्रत्येक बँकेपुढे रांगा लागल्या. आमच्या घरी यजमानांची भाड्याने फिरणारी जीप आहे आणि चारचाकी असलेल्या कुटुंबाला ती योजना लागू नव्हती, त्यामुळे मला तिथे काही मिळणार नव्हते. शेजारच्या काकूंचा अर्ज लिहून द्यायचा म्हणून मी मुलीला कडेवर घेऊन समाजमंदिरात गेले.

ओसरीवर एक तिशीतला माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता. गळ्यात ओळखपत्राची दोरी होती, पण कार्ड सदऱ्याच्या खिशात सरकवलेले होते. समोर काडेपेटीएवढे अंगठ्याचे यंत्र आणि बशीत ओला फडका. 'बँकेकडून आलोय, आधार लिंक करून देतो,' एवढेच तो सांगत होता आणि कोणत्या बँकेकडून, हे त्या गर्दीत कोणीही विचारले नाही, मीसुद्धा नाही. काकूंचे काम झाल्यावर त्याने माझ्या मुलीकडे पाहिले.

"वहिनी, बाळ किती महिन्यांचं? मातृ वंदनाचा दुसरा हप्ता आला का?"

साडेतीन महिन्यांची लस बाकी आहे, असे मी म्हणाले. त्याने माझ्याजवळचे माता-बाल संरक्षण कार्ड मागून घेतले, लसीकरणाचे पान बरोबर उघडले आणि रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले. "ही लस होईल हो. पण लस होऊनही आधार जोडणी नीट नसेल तर हप्ता अडकतो. आता सगळं डीबीटीनं येतं, म्हणजे आधारला जे खातं जोडलंय त्यातच." यातला प्रत्येक शब्द खरा होता. आरोग्य उपकेंद्रात मला हेच सांगितले गेले होते, म्हणून मी निश्चिंत झाले आणि अंगठा पुढे केला.

पहिल्यांदा तो म्हणाला, "नाही घेतला." फडक्याने अंगठा पुसायला लावला. दुसऱ्यांदाही नाही घेतला. बाळंतपणात बोटांचे ठसे पुसट होतात, असेही काही बोलला. तिसऱ्यांदा "झालं" म्हणाला. यंत्रातला दिवा तिन्ही वेळा सारखाच उजळून विझला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरी नाही घेतला म्हणजे नाही घेतला असे मी धरून चालले. एका कागदावर सही घेतली. त्यावर 'आधी जोडलेल्या बँकेचे नाव' असा रकाना होता तो त्यानेच भरला. इतरांकडून तो पन्नास रुपये घेत होता. माझ्याकडून घेतले नाहीत. "बाळंतिणीकडून कसे घ्यायचे," म्हणाला, आणि घरी येऊन मी ते सासूबाईंना कौतुकाने सांगितले.

१४ ऑगस्टपासून, रक्षाबंधनाच्या आधी, लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये खात्यांत पडू लागले. गावात ज्यांचे अर्ज मंजूर झाले होते त्यांतल्या बहुतेकींचे आले, काकूंचे मात्र आले नाहीत. मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. तिथल्या मॅडमनी आधार क्रमांक घालून पाहिले आणि सांगितले की यांचे आधार आता आमच्या बँकेला जोडलेले नाही, एका पेमेंट्स बँकेला (म्हणजे कर्ज न देणाऱ्या, फक्त ठेवी घेऊन पैशांची देवघेव करणाऱ्या बँकेला) जोडलेले आहे आणि शासनाचे पैसे तिकडे जातील. काकूंनी त्या बँकेचे नावही ऐकले नव्हते. समाजमंदिरातल्या त्या माणसाने हे केले, हे माझ्या लगेच ध्यानात आले, मी काकूंना ते समजावूनही सांगितले, दोन दिवस त्याला शिव्या घातल्या. पण त्याच माणसाने माझाही अंगठा घेतला होता याचा आणि माझ्या हप्त्याचा संबंध मी जोडला नाही. कारण एकच. माझा पहिला हप्ता बिनचूक आला होता. ज्या वाटेने तीन हजार आले त्याच वाटेने दोन हजार येणार, वाट मध्येच कशी बदलेल, असे माझ्या मनाने पक्के धरले होते.

वाट बदलते. सगळी मेख इथेच आहे. आपण योजनेच्या अर्जावर कोणता खाते क्रमांक लिहिला याला आधारवर चालणाऱ्या हस्तांतरणात फारसा अर्थ उरत नाही. आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जी बँक जोडली गेली, तिच्याकडे पैसे जातात, आणि एका आधारला अशी एका वेळी एकच बँक असते. एखाद्याने तुमच्या अंगठ्यावर ई-केवायसी करून तुमच्या नावे नवे खाते उघडले आणि शासकीय लाभ याच खात्यात हवेत या संमतीवर खूण केली, की जुने खाते न हलवता, न बंद करता, पाणी दुसऱ्या पाटाला वळते. हा प्रकार नवा नाही. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेने सिमची आधार पडताळणी करताना ग्राहकांची खाती परस्पर उघडली आणि लाखो लोकांचे गॅसचे अनुदान त्यांना न कळता तिकडे वळले. तेव्हा आधार प्राधिकरणाने डिसेंबरमध्ये तिचे ई-केवायसीचे काम काही काळ थांबवले होते. ती बातमी मी त्या वेळी वाचली होती. वाचून विसरले.

मुलीची लस वेळेवर झाली. नोव्हेंबरपर्यंत पैसे आले नाहीत म्हणून मी आशाताईंकडे गेले, तर त्यांना माझ्या नावापुढे रक्कम अदा झाल्याची नोंद दिसली. दोघींनी पुन्हा पासबुक पाहिले, काही नाही. तालुक्याला गेले, तिथे उत्तर मिळाले की पैसे तुमच्याच खात्यात गेले आहेत, बँकेत विचारा. बँकेने सांगितले की आमच्याकडे आलेच नाहीत. या फेऱ्यांत डिसेंबर उजाडला. प्रत्येक जण आपापल्या जागी खरे बोलत होता, आणि 'आले' व 'आले नाहीत' या दोन खऱ्यांच्या मध्ये मी कार्ड घेऊन उभी होते. शेवटी त्याच मॅडमनी काकूंसारखे माझेही आधार तपासले. तीच पेमेंट्स बँक.

त्या रात्री यजमानांच्या फोनवर आधारचे संकेतस्थळ उघडून प्रमाणीकरणाचा इतिहास काढला. आपल्या आधारवर कधी, कोणत्या संस्थेने, अंगठ्याने की ओटीपीने पडताळणी केली याची मागील सहा महिन्यांची यादी तिथे मिळते. जुलैच्या त्या दुपारी सात मिनिटांत माझ्या अंगठ्याच्या तीन नोंदी होत्या आणि तिन्हींपुढे 'यशस्वी' असे लिहिलेले होते. आणखी महिनाभर उशीर केला असता तर त्या यादीतून निघून गेल्या असत्या. एका नोंदीने नवे खाते उघडले होते. उरलेल्या दोन माझ्याच जुन्या बँकेच्या होत्या: एकीने शिल्लक पाहिली आणि दुसरीने १५०० रुपये काढले, कारण आधारला जोडलेल्या खात्यातले पैसे अशा यंत्रावर नुसत्या अंगठ्यानेही काढता येतात. पासबुक नव्याने छापून घेतले तेव्हा पहिल्या हप्त्यातून मुलीसाठी मागे ठेवलेले ते पैसे त्याच तारखेला काढलेले दिसले. आधी पासबुक पाहताना मी जमेचा रकाना पाहत होते, खर्चाच्या बाजूला नजरच गेली नव्हती. बँकेचा संदेश का आला नाही, याचे उत्तर माझ्याकडेच निघाले: खात्याला यजमानांचा बंद झालेला जुना नंबर जोडलेला होता. नव्या खात्याला तर मोबाइल नंबर त्या माणसाने स्वतःचाच दिलेला असणार, त्यामुळे दोन हजार जमा झाल्याचा संदेशही त्यालाच गेला आणि काढून घ्यायला माझ्या अंगठ्याची गरज उरली नाही.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि दोन्ही बँकांना पत्रे लिहिली. पेमेंट्स बँकेला मी एकच प्रश्न विचारला, की माझ्या नावाच्या खात्याला जो मोबाइल नंबर आहे तो कोणाचा आहे. दीड महिन्याने उत्तरादाखल खाते बंद केल्याचे पत्र आणि २००० रुपये आले. पंधराशे मात्र गेले ते गेले. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीही तोशीस पडत नाही. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या धोरणावर सारे अवलंबून राहते. नंबर बदलल्याचे तुम्ही कळवले नाही, असे बँकेने म्हटले, आणि ते खोटे नव्हते. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मी ती केली नाही. तान्ही मुलगी घेऊन आणखी कागद गोळा करण्याची माझ्यात ताकद उरली नव्हती, आणि कदाचित मी करायला हवी होती.

तेव्हा ज्यांच्या घरी गरोदर किंवा बाळंत बाई आहे त्यांना सांगणे इतकेच, की हप्ता लांबला तर लसीचे कार्ड पुन्हा पुन्हा चाळण्याआधी तिचे आधार आज कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते पाहावे. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ते त्याच संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसते, नसेल तर बँकेत विचारावे. पहिला हप्ता आला असला तरी पाहावे. 'अंगठा घेतला नाही' असे कोणी म्हणाले की दुसऱ्यांदा लावण्यापूर्वी पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा आणि वळवत नसेल तर उठून यावे. पैसे घेत नाही म्हणून माणूस भला, हे तर मुळीच मानू नये.

काकूंची जोडणी सप्टेंबरमध्ये, माझी डिसेंबरमध्ये जुन्या बँकेकडे परत आली. मी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवले आहे. त्यामुळे रेशन दुकानातही माझा अंगठा चालत नाही. तिथे गेल्यावर ॲपमधून ते तात्पुरते उघडावे लागते आणि थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा बंद होते, म्हणून रांगेत माझ्यापुढे एकच जण उरला की मी फोन बाहेर काढते.