दीक्षाभूमीजवळचं पुस्तकांचं दुकान, एकदा जाच

दुकान एवढंसं आहे, दोन जण आत शिरले की तिसऱ्यानं बाहेरच थांबायचं, पण बाबासाहेबांच्या राजकारणावरचा कप्पा पाहून मन भरते. कोलंबिया आणि लंडनहून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळतो, दामोदर खोऱ्याच्या पाण्या-विजेचं नियोजन त्याच खात्यातून हलते, मग स्वतंत्र भारताचा पहिला कायदामंत्री होतो आणि लग्न-वारसाहक्काचे हिंदू कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल अडकलं म्हणून १९५१ मध्ये खुर्ची सोडतो, हे सगळं इथं एका जागी वाचायला भेटते. आपल्याकडे संविधानावर सगळे बोलतात, मजूरमंत्री म्हणून केलेलं काम मात्र कोणी सांगत नाही, त्याचा खरंच राग येतो.

दुकानातल्या काकांनी स्वतःहून राजीनाम्याच्या निवेदनाची पातळ पुस्तिका काढून दिली, पिना गंजलेल्या पण अक्षर एकदम स्वच्छ. बाबासाहेबांचा पक्ष शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन १९४२ ला नागपुरातच निघाला, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक ते हरले, यावरही बरंच साहित्य आहे.

भाव वाजवी, यूपीआय चालते. काही नव्या प्रतींची बाइंडिंग कच्ची आहे, पानं तपासूनच घ्या. अन् ऑक्टोबरच्या गर्दीत नका जाऊ, निवांत पाहताच येत नाही.