गंजलेल्या गॅसलाइनसाठी लीक डिटेक्टर स्प्रे: घ्यावा का?

गॅसच्या पाइपावर गंज दिसला की दुकानातून साधारण तीन वस्तू घरी येतात: गळती शोधायचा स्प्रे, एपॉक्सी पुट्टी (मळून लावली की कडक होणारी) आणि रंगाचा डबा. स्प्रे जरूर घ्यावा. रंगाचं काम मर्यादित. पुट्टी गॅसलाइनच्या आसपासही नेऊ नये.

भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानेही बुडबुडे येतातच, मग स्प्रे कशाला? काही साबणांत अमोनिया असतो. त्याने पितळेला बारीक तडे जाऊ शकतात, आणि कॉक-नट तर बहुधा पितळेचेच. शिवाय उभ्या पाइपावरून साबणाचं पाणी पटकन ओघळून जातं. चांगला स्प्रे सांध्याला धरून राहतो, त्यामुळे बारीक गळतीला फेस धरायला वेळ मिळतो. नाकावर विसंबू नका. आतून गंजलेल्या लोखंडी पाइपात गॅसला दिलेला वास फिका पडू शकतो. कॅन घेताना त्यावर ज्वलनशील असल्याची खूण नाही ना, ते बघा.

शेगडी, गिझर बंद आणि मुख्य कॉक चालू ठेवून सांधा चहूबाजूंनी भिजवायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. एल्बोची, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाची, भिंतीकडची बाजू बॅटरी आणि छोट्या आरशाशिवाय दिसत नाही, आणि नेमकी तीच राहून जाते. बारीक गळतीला मोठा फुगा येत नाही, मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पांढरा पुंजका हळूहळू वाढतो. जोराची गळती असेल तर उलटच: द्रव उडून जातो, बुडबुडा येतच नाही. भिजवूनही एखादी जागा कोरडी राहत असेल तर संशय तिथेच घ्या. वास भरलेल्या घरात मात्र स्प्रे काढत बसू नका. मुख्य कॉक बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, बाहेर पडून गॅस कंपनीला फोन.

आधी पाइपाच्या टोकाला, सांध्यापाशी कापलेले आटे तपासा. अर्धा इंची मध्यम जाडीच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाची भिंत 2.6 मिलिमीटर असते आणि आटे जवळपास 1.16 मिलिमीटर खोल कापले जातात. म्हणजे उरलं सुमारे 1.4, आणि वरचा जस्ताचा थरही तिथे कापला गेलेला. त्यानंतर क्लॅम्पखालची जागा आणि ओल्या भिंतीत पाइप शिरतो ते तोंड.

स्प्रेच्या मर्यादाही आहेत. भिंतीतली गळती तो दाखवत नाही. त्यासाठी फिटरकडून लाइन बाकी जोडणीपासून वेगळी करून, हवा भरून मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या साधनावर) दाब टिकतो का ते बघावं लागतं. दुसरं म्हणजे गंजाचा जाड पापुद्राच कधी कधी छिद्र बुजवून बसतो. आज बुडबुडा नाही, उद्या धक्का लागला की गळती सुरू. म्हणून चालू लाइनवर वायर ब्रश फिरवू नका. मुख्य कॉक बंद करून पॉलिश पेपर हलक्या हाताने मारा, मग लाइन चालू करून पुन्हा स्प्रे. खड्ड्यात नख अडकत असेल तर तो तुकडा बदलायचाच.

गंज वरवरचा निघाला तरच रंग. साधा रेड ऑक्साइड जस्तावर टिकत नाही, पोपडे धरतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून राहणारा पहिला हात लागतो.

पुट्टीची गंमत अशी की ती सुरुवातीला काम करते. घरगुती लाइनमधला दाब जेमतेम 20 ते 30 मिलिबार, तेवढा ती सहज अडवते. पण खाली गंज चालूच राहतो, कडा सुटतात, आणि सांधा झाकला गेल्यामुळे पुढे तपासायलाही जागा उरत नाही.

तुकडा बदलणं परवानाधारक फिटरचं काम. तुम्ही लक्ष एवढ्यावर ठेवा. आट्यांवर गुंडाळायची टेप गॅससाठीची जाड पिवळी हवी, नळाची पातळ पांढरी नव्हे. ती आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळलेली आणि पहिला आटा मोकळा, नाहीतर टेपच्या चिंध्या बर्नरच्या जेटपर्यंत (गॅस बाहेर पडतो त्या बारीक छिद्रापर्यंत) जातात. पाने (स्पॅनर) दोन लागतात: एकाने फिरवायचं, दुसऱ्याने शेजारची फिटिंग धरायची. जुना सांधा सोडवताना लाइनभर हिसका बसतो, त्यामुळे काम झाल्यावर फक्त नव्या नव्हे, दोन्हीकडच्या जुन्या सांध्यांवरही स्प्रे मारून घ्या आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून काढा.