हॉस्पिटलची बॅग : आठ महिन्यांनंतर

ऑपरेशन थिएटरच्या दारातून सिस्टरनी "बाळाचे कपडे द्या" म्हणून हात पुढे केला आणि माझ्या आईला ते सापडले नाहीत. बॅग मी ३५व्या आठवड्यातच भरून ठेवली होती. वर माझे गाऊन, मध्ये साबण-टॉवेल, आणि बाळाचं सगळं तळाशी, कारण ते शेवटी लागेल असं मला वाटलं होतं. पहाटे सव्वाचारला आईने कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर अख्खी बॅग उलटी केली. झबलं मिळालं, टोपडं मिळालंच नाही. लेकीला पहिल्यांदा गुंडाळलं ते हॉस्पिटलच्याच हिरव्या कापडात. आईला अजून त्याची रुखरुख आहे, आणि चूक तिची नव्हती म्हणून मला जास्त आहे.

मे संपत आला होता, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस सुरू होते. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी नागपूरला आलेले, हे पुण्याला. ३७वा आठवडा लागला आणि रात्री अडीचला पाणी जायला लागलं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून तासाभरात सिझेरियन ठरलं. पाठीत इंजेक्शन दिलं की पुढचे काही तास पाय आपले नसतात, आणि त्यानंतरचे दोन दिवस टाक्यांमुळे वाकता येत नाही. म्हणजे जी बॅग मी इतक्या हौसेने माझ्या हिशोबाने भरली, ती मला उघडायचीच नव्हती. ती उघडली आईने, वहिनीने, आणि एकदा अर्ध्या रात्री भावाने, ज्याला लंगोट आणि दुपट्यातला फरकही माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घरून साड्यांचे कव्हर घेऊन आली, ते पारदर्शक, चेनवाले. चार कव्हरांवर स्केचपेनने लिहिलं : ओटी (म्हणजे ऑपरेशन थिएटर), बाळ, ताई (म्हणजे मी), कागद. आठ महिने वापरून सांगते, या सगळ्या तयारीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच, आणि ती प्रत्येकीच्या कपाटात आधीच असते. 'ओटी'मध्ये फक्त एक झबलं, एक टोपडं, एक लंगोट, दोन दुपटी आणि माझं एक मोठं पॅड. हे कव्हर सगळ्यात वर. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा उघडून दाखवायचं, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

कपड्यांत माझी दुसरी चूक नागपूरच्या उन्हाने करवली. बाहेर ४५ अंश, म्हणून मी सगळी बिनबाह्यांची मलमलची झबली घेतलेली. पण थिएटरमध्ये आणि खोलीत एसी. नवजात बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि डोकं उघडं असलं की ऊब फार लवकर जाते. पूर्ण बाह्यांची दोन झबली, दोन टोपडी आणि मोजे भर उन्हाळ्यातही हवेतच. आणि आईसाठी शाल! ऑपरेशननंतर मला इतकी हुडहुडी भरली की दात वाजत होते. मे महिन्यात शाल काय करायची म्हणून मीच ती बाहेर काढून ठेवली होती.

जन्माआधी बाळासाठी नवं काही घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आईने आजीचं जुनं सुती लुगडं फाडून दहा दुपटी केली, उकळत्या पाण्यात काढली, गच्चीवरच्या उन्हात वाळवली. झबली भाच्याची. मला आधी थोडं वाईट वाटलं होतं, पण नव्या कापडाला खळ असते आणि ते टोचतं. ती दुपटी आज इतक्या धुण्यांनंतरही पहिल्यापेक्षा मऊ आहेत. बारशात आलेले गुबगुबीत टॉवेल मात्र पाणीच टिपत नाहीत.

पाचव्या दिवशी काविळीसाठी लेकीला पुन्हा दोन दिवस ठेवावं लागलं. निळ्या दिव्याखाली बाळाला फक्त लंगोट किंवा डायपर आणि डोळ्यांवर पट्टी, म्हणून झबल्यांचा काही उपयोग नव्हता, लंगोट मात्र १८-२० गेले. त्या वेळी आई घरी होती. भावाला फोनवर सांगितलं, "बाळ लिहिलेलं कव्हर आण." तो बरोबर तेच घेऊन आला. मी तिथेच रडले, आणि ते काही काविळीमुळे नव्हतं.

माझ्यासाठी काय उपयोगी पडलं ते सांगते. नेहमीचे पॅड पुरत नाहीत, बाळंतिणीचे मोठेच घ्या, दोन पाकिटं. नॉर्मल झाली तरी रक्तस्राव बरेच दिवस चालतो. इलॅस्टिक टाक्यांवर येणार नाही अशा उंच कमरेच्या सुती पँटी. पुढून उघडणारे तीन गाऊन. फीडिंग ब्रा एक माप मोठी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून आलं की आधीची होत नाही. वाकणारा स्ट्रॉ, झोपल्या झोपल्या पाणी प्यायला. लांब वायरचा चार्जर, न घसरणारी रबरी चप्पल. आणि एक छोटी उशी, जी घरी जाताना ऑटोत पोटावर धरली. रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक टाक्यांना कळतो.

बाळाची पहिली काळी चिकट शी नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी थोडं खोबरेल लावून ठेवलं तर कापसाने सहज पुसली जाते. हे आम्हाला तिथल्या मावशींनी सांगितलं.

न वापरता परत आलेलं : पावडर, काजळ, हातमोजे, दूध काढायचा पंप, बाटली. माझ्या मावशीने चाटण म्हणून मधाची छोटी बाटली घातली होती, ती वहिनीने बाजूला ठेवली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मावशीला राग आला, पण इथे मोठ्यांचा मान राखायला बाळाला चाटण द्यायची गरज नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध हेच त्याचं चाटण.

'कागद' कव्हरात फाईल, सोनोग्राफी, रक्तगट, दोघांचं आधार, विम्याचं कार्ड, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. जन्माच्या नोंदीचा फॉर्म हॉस्पिटलमध्येच भरतात. त्यावरचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. माझ्या नावात एक अक्षर चुकलं होतं, सही करण्याआधी दिसलं म्हणून वाचले. नोंदीची मुदत २१ दिवसांची.

शाळेतल्या मैत्रिणीचं बाळंतपण गांधीबागेतल्या डागा हॉस्पिटलात झालं. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधं, जेवण आणि घरी पोहोचवायची गाडी हे सगळं मोफत आहे. तिची बॅग माझ्या निम्मी होती. पण माता-बाल संरक्षण कार्ड आणि बँकेचं पासबुक तिने पहिल्यांदा ठेवलं, ते मी सुचवलं नसतं.

निळी बॅग सीताबर्डीवरून घेतलेली. तिचा पट्टा तिसऱ्या महिन्यात उसवला, चेन अजून धड आहे. बॅगेला फार पैसे घालवू नका. कव्हरं मात्र रोज कामात आहेत. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींना 'बाळ' कव्हर तसंच उचलून पिशवीत टाकलं, आता 'कागद'मध्ये लसीचं कार्ड असतं.

मावसबहिणीला फेब्रुवारीची तारीख दिली आहे. कालच तिच्याकडे जाऊन बॅग भरून आले. रात्री गारवा असतो म्हणून एक स्वेटर आणि कुंची वाढवली, अळिवाच्या लाडवांचा डबा खाली ठेवला. 'ओटी'चं कव्हर सगळ्यात वर. तिच्या सासूबाईंना मी ते तीनदा काढायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून काढलं.