आंब्याचं लँडिंग पेज करून घेताना आमची झालेली फसवणूक

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. बरीच वर्षं माल वाशीच्या बाजारात जायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडेपर्यंत भाव काय लागला ते कळायचं नाही. म्हणून नवरा आणि मी थेट पेट्या विकायला लागलो. आधी नात्यातल्यांना, मग ओळखीतून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये. ही विक्री वाढवायची म्हणून एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीकडून लँडिंग पेज करून घेतलं आणि त्यात आम्ही वाईट फसवले गेलो. मोहर यायला लागला की गावोगावी अशा एजन्सींचे फोन सुरू होतात. त्यांना पैसे देण्याआधी बागायतदारांनी, मसालेवाल्यांनी, घरून फराळ विकणाऱ्या बायकांनी, सगळ्यांनीच हे वाचावं.

फेसबुकवर किंवा गुगलवर जाहिरात दिसते, तिच्यावर बोट टेकवलं की जे एकच पान उघडतं ते लँडिंग पेज. एजन्सीच्या माणसाने आम्हाला ते नीट समजावलं. जाहिरातीत जे लिहिलंय तेच पान उघडल्याबरोबर वर दिसलं पाहिजे. 'पाच डझनाची पेटी, पुण्यात घरपोच' अशी जाहिरात असेल तर पानावर आधी ती पेटी आणि तिची किंमत हवी, बागेचा इतिहास खाली. बटण एकच असावं, फॉर्ममध्ये लागेल तेवढंच विचारावं, फोटो खरे असावेत, मोबाइलवर पान पटकन उघडावं. यातला शब्दन् शब्द बरोबर होता आणि त्याने करून दिलेलं पानही दिसायला सुरेख होतं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, झेल्याने आंबा काढतायत तो फोटो आणि अढीतल्या आंब्यांचा फोटो मी स्वतः काढून दिला होता. पानाच्या मांडणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते पान कोणाच्या नावावर होतं आणि त्यावर आलेलं गिऱ्हाईक पुढे कुठे जात होतं, तिथे आमचा घात झाला.

"वहिनी, तुम्ही फक्त आंबा बघा, बाकी सगळं आमच्याकडे," असं तो म्हणायचा. त्या 'सगळ्यात' आमच्या बागेच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, होतं, होस्टिंग, म्हणजे पान ठेवायची इंटरनेटवरची जागा, होतं, गुगलचं जाहिरात खातं होतं आणि फॉर्ममध्ये भरले जाणारे फोन नंबरही होते. पान तयार करायचे ३५,००० रुपये, शिवाय जाहिरातींचे महिन्याला ६०,०००, वर १८ टक्के जीएसटी. कागदपत्रं बघताना अण्णांनी विचारलंही होतं, "आंबो आपलो, बाग आपली, मगे दुकान तेंच्या नावार कशाक?" त्यावर उत्तर मिळालं की तांत्रिक सोयीसाठी सगळीकडे असंच करतात, हंगाम संपला की नावावर करून देऊ.

असं सगळीकडे करत नाहीत. गुगलवर जाहिरात खातं गिऱ्हाइकाच्या नावाने उघडता येतं आणि एजन्सी आपल्या मॅनेजर खात्यातून त्याला जोडून घेऊन काम करू शकते. काम थांबलं की जोडणी काढायची, खातं आणि त्यातली सगळी माहिती आपल्याकडेच राहते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींनाही एजन्सीला पार्टनर म्हणून प्रवेश देण्याची सोय आहे. डोमेन तर वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं, ते आपल्या ईमेलवरून, आपल्या कार्डाने घ्यायला दहा मिनिटं लागतात. जी एजन्सी यातलं काहीच तुमच्या नावावर ठेवायला तयार नाही, तिच्याशी बोलणी तिथेच थांबवा.

पहिल्या महिन्याचा अहवाल पीडीएफमध्ये आला. त्यात ४१२ कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरात बघून आलेल्यांनी केलेल्या आपल्याला हव्या त्या कृती, होती. आमच्या बँक खात्यावर पानावरून आलेल्या ३१ पेट्यांचे पैसे होते. विचारलं तर म्हणे लोक आधी चौकशी करतात, दुसऱ्या महिन्यात फरक दिसेल. आंब्याच्या धंद्यात दुसरा महिना म्हणजे निम्मा हंगाम गेला. शिवाय मे उजाडला की भाव उतरतो, हे त्यांनाही माहीत होतं.

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. एजन्सीने जाहिरात खात्यात प्रवेश दिला नाही, पण बराच आग्रह धरल्यावर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. भाचा तेव्हा माझ्या शेजारी होता. त्याने त्यांना कन्व्हर्जनचं सेटिंग उघडायला लावलं. आमच्या बाबतीत कन्व्हर्जन म्हणजे पैसे भरून झालेली ऑर्डर. ती मोजायची जागा म्हणजे पैसे भरल्यावर उघडणारं 'धन्यवाद'चं पान. इथे मात्र मुख्य पान नुसतं उघडलं तरी कन्व्हर्जन धरलं जात होतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला बोट लागलं तरी धरलं जात होतं, आणि एकाच माणसाने पान पाच वेळा उघडलं तर ती पाच. गुगलमध्ये 'एक' की 'प्रत्येक' असा पर्याय असतो, तिथे 'प्रत्येक' निवडलेलं होतं.

यात आकडा फुगतो एवढंच नाही, जाहिरातीच बिघडतात. हल्ली जाहिरातीची बोली, म्हणजे ती दाखवायला किती पैसे मोजायचे ते, आपोआप लागते. आपण ज्याला कन्व्हर्जन म्हणतो, तसं करणारी माणसं यंत्रणा शोधत राहते. पान उघडणं हेच कन्व्हर्जन ठरवलं की ती पेटी घेणारा शोधत नाही, पान उघडणारा शोधते. जाहिराती कुठे दिसल्या त्याची यादी भाच्याने उघडायला लावली, तर त्यात लहान मुलांचे गेम आणि टॉर्चची अ‍ॅप भरलेली. खेळता खेळता पोराचं बोट जाहिरातीवर पडत होतं आणि त्याचे पैसे आमच्या बजेटमधून जात होते. यादी पुरती खाली सरकायच्या आत त्यांनी 'नेटवर्क गेलं' म्हणून कॉल बंद केला.

नंतर कळलं की गुगलची एजन्सींसाठी नियमावलीच आहे. खर्च किती झाला, क्लिक किती आले, जाहिरात किती वेळा दिसली, हे दर महिन्याला गिऱ्हाइकाला सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. खात्याचा कस्टमर आयडी मागितला तर तो द्यावा लागतो. कोणी 'ही आमची अंतर्गत माहिती' म्हणालं तर त्याला हा नियम दाखवा.

याच सुमारास डोंबिवलीच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अगं, तुमच्या पानावर पंधरा मिनिटांत ऑफर संपणार असं घड्याळ फिरतंय. मी बंद करून परत उघडलं तर पुन्हा पंधरापासून सुरू. तुम्ही पण असं करायला लागलात?" मला फार लागलं ते. एजन्सीने आम्हाला न विचारता पानावर ते घड्याळ आणि 'फक्त ७ पेट्या शिल्लक' ही ओळ चढवली होती. त्या दिवशी आमच्या अढीत चाळीसेक पेट्यांचा माल होता. अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणारी क्लृप्ती, ठरवलं आहे. अशा तेरा प्रकारांची यादी त्यात आहे आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. पानावर बागेचं नाव तुमचं असतं, तेव्हा लोक जाब तुम्हालाच विचारतात.

फोन नंबरांचं प्रकरण याहून वाईट निघालं. फॉर्म भरलेले काहीजण आम्ही फोन केल्यावर म्हणायचे, "आत्ताच तुमच्या माणसाशी बोललो, त्याने तर स्वस्त सांगितलं." आमचा असा माणूसच नव्हता. ठाण्याच्या माझ्या बहिणीने नुकतंच नवीन सिम घेतलं होतं, तो नंबर अजून कुणालाच दिलेला नव्हता. तिला मी आमच्या पानावरचा फॉर्म भरायला सांगितला. तासाभरात तिला एका परक्या विक्रेत्याचा फोन: 'थेट देवगडच्या बागेतून' पेटी, आमच्यापेक्षा बरीच स्वस्त. म्हणजे आमच्या पैशाने जाहिरात, आमच्या फोटोवर विश्वास ठेवून आलेलं गिऱ्हाईक आणि त्याचा नंबर दुसऱ्याला विकलेला. ही तपासणी कुणालाही करता येते. जो नंबर दुसरीकडे कुठेच दिलेला नाही तो आपल्याच फॉर्ममध्ये भरा आणि कोणाकोणाचे फोन येतात ते बघा.

आम्ही काम थांबवलं आणि डोमेन मागितलं. सोडण्यासाठी त्यांनी आणखी पैसे मागितले. आम्ही दिले नाहीत. ऐन मे महिन्यात पान पुन्हा सुरू झालं. तोच अण्णांचा फोटो, तेच बागेचं नाव, फक्त फोन नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड बदललेला. आम्हाला हे कळलं ते पेटी घरी आल्यावर लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या तेव्हा. आंबा आतून पिवळट, साल जाड, वास नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने खपवायचा जुना धंदा आता एका चांगल्या दिसणाऱ्या पानाच्या आडून चालतो आणि त्याला तोंड आमच्या अण्णांचं लावलेलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला लोक फोनवर 'चोर' म्हणाले, हे मी विसरू शकत नाही.

डोमेनची मालकी हूइज या सार्वजनिक नोंदवहीत शोधली तर नोंदणी एजन्सीच्या नावावर. डॉट इन नावांचे वाद ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी या वाद सोडवायच्या धोरणाखाली लवादापुढे नेता येतात, पण त्या नावावर आपला हक्क आहे हे आधी दाखवावं लागतं. आमच्याकडे ट्रेडमार्क नव्हता. आता अर्ज केला आहे. लवकर उपयोग झाला तो फोटोंचा. मूळ फाइली माझ्या मोबाइलमध्ये तारीख-वेळेसकट होत्या. त्या जोडून होस्टिंग कंपनीकडे स्वामित्वहक्काची तक्रार केली आणि पान उतरलं. आपण काढलेले फोटो एजन्सीला देताना मूळ फाइल कधीच पुसू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलेल्या प्रतीत ही माहिती सहसा राहत नाही. त्या काळात जाहिराती कोण चालवत होतं तेही शोधता आलं. गुगलचं अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर २०२३ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे वेबसाइटचं नाव टाकलं की जाहिरातदाराचं नाव दिसतं. फेसबुकसाठी तशीच मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, अ‍ॅड लायब्ररी आहे. ते स्क्रीनशॉट आम्ही पोलिसांकडे दिले. तोतयेगिरी करून संगणकाच्या साहाय्याने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे. तक्रार नोंदली गेली, तपास चालू आहे.

यंदाचं पान भाच्याने केलं. डोमेन माझ्या नावावर, जाहिरात खातं नवऱ्याच्या नावावर. घड्याळ नाही. पाठवणीच्या खर्चासकट किंमत पहिल्यांदाच दिसते, फॉर्म सरळ आमच्याच मेलवर येतो आणि दर रविवारी मी कन्व्हर्जनचा आकडा आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून जुळवते. जुळलं नाही तर जाहिरात त्याच दिवशी बंद.

आमच्या नावाने दुसऱ्याच्या पेट्या घेतलेल्या ज्या घरांचे नंबर मिळाले, त्यांना नवऱ्याने स्वतः फोन करून पैसे भरल्याचे पुरावे मागून घेतले आणि तक्रारीला जोडले. तुम्ही अशा पानावर पैसे भरले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो तिथे विचारतात.